कुडाची मागली बाजू

सोडियम रॉकेलात बुडवून ठेवतात. बाहेर काढला की तो सुरीनं खव्यासारखा कापता येतो. कापलेली बाजू थोडा वेळ चांदीसारखी चमकते, मग तिच्यावर राख धरते.

*

कापूस पिंजला म्हणून त्याचं वजन वाढत नाही.

*

जून महिन्यात लातूरच्या शिकवण्यांच्या गल्लीत गाद्या जिन्यात असतात, गच्चीवर असतात, रिक्षाच्या टपावर असतात. सगळ्या एका मापाच्या, एका माणसापुरत्या. मुलं त्यांच्यावर झोपतात कमी आणि मांडी घालून बसतात जास्त.

*

नोव्हेंबरात तूर फुलात असते. काडी हिरवी असते. रानात राहणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

*

केवळाबाई झोपताना एक हात भिंतीला लावून ठेवतात.

*

सहा नंबरचा सेल.

*

तूबा नांदेडला विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती. विषय होता लिथियमच्या बॅटरीला पर्याय. लिथियम आपल्याकडे नाही, तो बाहेरून आणावा लागतो. सोडियम मिठातसुद्धा असतो. मग सोडियमची बॅटरी का नाही करायची?

अडचण जागेची आहे. लिथियमच्या बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट असतो. त्याचे पापुद्रे एकावर एक नीट, घट्ट रचलेले असतात. लिथियमचा कण लहान, तो मधल्या फटीतून आत जाऊन बसतो. सोडियमचा कण मोठा. नीट रचलेल्या घरात त्याला जागा मिळत नाही. त्याला विस्कटलेला कोळसा लागतो. पापुद्रे वाकडे, काही उभे, काही आडवे, आणि मध्ये पोकळ्या. असा कोळसा झाडाझुडपांपासून करता येतो. कुणी नारळाच्या करवंटीपासून करतं, कुणी भाताच्या तुसापासून.

तूबाच्या मार्गदर्शक उज्वला मॅडम मूळच्या बिलोलीच्या. त्यांनी तुराट्या सुचवल्या. तूर झोडपून झाली की उरतात त्या काड्या. मराठवाड्यात त्या चुलीत जातात किंवा बांधावर कुजतात. मॅडमची एक अट होती: कोळसा करताना ॲसिड वापरायचं नाही. "ॲसिडनं धुऊन कुणीही करेल. मग त्या धुण्याचं पाणी कुठं सोडायचं? गोदावरीत?"

तूबानं लातूरला वडिलांना फोन लावला.

"अब्बा, तुराट्या पाहिजेत."

"काय?"

"तुरीच्या काड्या. वाळलेल्या. एक भारा."

"चूल पेटवून राहिली का होस्टेलात? मेस बंद पडली?"

"आमची भट्टी आहे. कोळसा करायचाय."

"लेकीला पीएच.डी.ला पाठवली अन् ती कोळसेवाली झाली. तुझ्या अम्मीला सांगू का नको?"

"सांगा. पण अब्बा, चांगल्या वाळलेल्या बघा. ओल्या चालत नाहीत."

"हौ. शेषेरावदादाला सांगतो. त्याच्याकडं नाही असं होतच नाही."

हा फोन नोव्हेंबरातला.

*

तूबाचे वडील जलील. पिंजारी. आता लोक गादीवाले म्हणतात. शिकवण्या वाढल्या तशी होस्टेलं वाढली, होस्टेलं वाढली तशा गाद्या वाढल्या आणि जलीलच्या दुकानात कापूस पिंजायची धनुकली जाऊन मशीन आलं. धनुकली दुकानातच खुंटीला आहे. तिच्यावर ताणलेली तात ढिली झाली आहे.

भूकंपाच्या आधी जलील, तेव्हा मिसरूड फुटलेला, बापाबरोबर धनुकली खांद्यावर घेऊन सुगीनंतर गावोगाव फिरायचा. किल्लारीच्या बाजूला शेषेरावांच्या घरी मुक्काम ठरलेला. अंगणात कापूस उडायचा, आणि शेषेरावांची चिमुरडी थोरली त्यात लोळून पांढरी व्हायची. तिची आई केवळाबाई तिला झटकत झटकत घरात न्यायच्या.

मग त्र्याण्णवचा सप्टेंबर आला. गणपती बुडवून लोक झोपले होते. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. शेषेराव आणि केवळाबाई वाचले. थोरली वाचली नाही.

त्या आठवड्यात जलील एकाचा टेम्पो मागून घेऊन, दुकानात होत्या नव्हत्या तेवढ्या गाद्या घालून तिकडे गेला. गाव ओळखू येत नव्हतं. शेषेराव रानात भेटले. बांधावर मागच्या सुगीतल्या तुराट्यांची गंजी होती, तिच्यातून काड्या काढून ते कूड उभा करत होते. तुराट्यांची भिंत, बांबूच्या आडव्या कामट्या, वर मातीशेणाचा लेप. एकट्याला जमत नव्हतं. भिंतीला दुसरं टोक असतं. जलीलनं डोक्यावरची गादी खाली ठेवली आणि दुसरं टोक धरलं.

दोघे त्यावर पुढे कधी बोलले नाहीत. फोनवर बोलतात ते पावसाचं.

*

आठ दिवसांत भारा आला. गाद्यांचा एक टेम्पो नांदेडला चालला होता, त्यात बांधून. तूबानं सोडला. काड्या करड्या, जुन्या चांदीसारख्या, बोटाएवढ्या जाड आणि हलक्या. खालच्या टोकांना काळं काहीतरी चिकटलं होतं. टेम्पोचं ग्रीस असेल, असं म्हणून तिनं ती टोकं छाटून टाकली. माती होती, ती खरवडली.

तूबा शहरात वाढलेली. नोव्हेंबरात वाळलेली तुराटी कुठून आली, हा प्रश्न तिला पडला नाही.

*

कृती.

काडीचे तुकडे करा. (तूबाच्या हाताला फोड आला.) पुसा, वाळवा, दळा. नळीच्या भट्टीत ठेवा. भट्टीतली हवा काढून आर्गॉन सोडा, नाहीतर कोळसा न होता राख होईल. उष्णता हळूहळू वाढवा. घाई केली की आतला वायू कोळसा फोडून बाहेर येतो. बाराशेच्या वर न्या, थांबा, आणि आपोआप गार होऊ द्या. दार उघडून बघू नका. (तिनं एकदा उघडलं होतं. तो दुसरा सेल.)

आलेली काळी पूड खलात घोटा. चिकट द्रावणात कालवा, इडलीच्या पिठापेक्षा सैल नको. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर सारवा. हो, सारवा, उज्वला मॅडमसुद्धा तेच म्हणतात. वाळल्यावर बटणाएवढ्या चकत्या पाडा. हा झाला इलेक्ट्रोड. मग बंद काचेच्या पेटीत, जिथे हातमोज्यांतून हात घालून काम करायचं असतं, तिथे त्याच्यासमोर सोडियमची चकती ठेवा. मध्ये कागदासारखा पडदा, दोन थेंब द्रावण. झाकण दाबा. घड्याळाच्या सेलपेक्षा थोडा मोठा सेल होतो. मशीनवर लावा.

वाट बघा.

*

सहावा सेल या भाऱ्यातला.

पहिले पाच मॅडमनी गावाकडून आणलेल्या काड्यांचे होते. त्यांत सोडियम आत जायचा आणि बराचसा परत यायचाच नाही. सहाव्यात गेला तेवढा जवळजवळ सगळा परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. संगणकावरची रेघ शेवटी खाली गेली आणि लांबच लांब सपाट चालत राहिली, शिरूर अनंतपाळच्या रस्त्यासारखी.

उज्वला मॅडमनी आलेख बघितला. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत बघितला.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. आणि मग, "पुन्हा कर."

पुन्हा हा शब्द तूबाला नवा नव्हता. बारावीनंतर तिनं वैद्यकीयची परीक्षा दिली, नंबर लागला नाही. पुन्हा दिली. लातूरात तिच्यासारख्यांना रिपीटर म्हणतात आणि त्यांची वेगळी तुकडी असते. घर त्याच शहरात असून ती वर्षभर होस्टेलात राहिली, कारण घरी अभ्यास होत नाही असं सर म्हणाले होते. गादी अब्बांच्याच दुकानातली होती. दुसऱ्यांदाही नंबर हुकला तेव्हा जलील ती गादी डोक्यावर घेऊन घरी आला, उसवली, पिंजली, आणि त्याच रात्री नव्या खोळीत भरून दिली. बोलला एवढंच, "दबली होती. आता बघ."

*

पहिला भारा भट्टीच्या चाचण्यांतच संपला होता, सातव्या सेलाला काही उरलं नाही. जानेवारीत तूर निघाली. शेषेरावांनी दुसरा भारा पाठवला, पिवळसर, ताज्या काड्यांचा.

आला नाही. म्हणजे सातवा सेल झाला, रेघ आली, पण ती रेघ नव्हे.

आठवा. नववा. भट्टीची नळी बदलली. आर्गॉनचं सिलिंडर बदललं. दहावा. तूबाला वाटलं, हात. आपलाच हात चुकतोय. तिनं पेटीतले हातमोजे बदलायला लावले. अकरावा.

मार्चमध्ये मॅडमनी तिला बसवलं. "जूनमध्ये समितीपुढे जायचंय. एकदा आलं ते आलं असं आपण धरत नाही, तूबा. सहा नंबर परत येत नसेल तर मला ते प्रकरण काढावं लागेल."

"मग उरतं काय, मॅडम?"

 तीन वर्षांच्या कामात तेवढंच होतं, हे दोघींना माहीत होतं. फेलोशिपचं हे शेवटचं वर्ष आहे हेही.

तूबानं त्या रविवारची लातूरची एसटी धरली. घरी जाऊन चहाचा कप हातात घ्यायच्या आत म्हणाली, "अब्बा, मला शेषेरावकाकांच्या रानात न्या. ते रान बघायचंय. मातीत काहीतरी फरक असेल."

तिची आई हाजराबी म्हणाली, "रान पळून नाही जात. आधी जेव."

*

जे झालं नाही:

तूबानं विचारलं. शेषेरावांनी दिलं. टेम्पोत भरून नांदेडला आणलं. बारावा, तेरावा, चौदावा, सगळे सेल सहासारखे आले. मॅडमनी चष्मा पुसला. समितीनं मान डोलावली. तुराट्या संपेपर्यंत सगळं छान चाललं.

*

झालं ते असं.

सरकारनं बांधून दिलेल्या घरात शेषेरावांचा मुलगा हरिओम, त्याची बायको, लेकरं आणि धान्य राहतं. शेषेराव आणि केवळाबाई रानात आखाड्यावर, शेतातल्या खोपीत. कूड तोच, त्र्याण्णवचा. जलीलची स्कूटर बांधाला लागली तेव्हा शेषेराव बाजेवर बसून दोर वळत होते.

"ये माय, ये. जलील, लेक लई वाळली की रे. नांदेडला खायला घालत न्हाईत का?"

"कोळसा खाती ती, दादा."

"मग तर रंग काळा पाहिजे हुता."

तूबा हसली. मग बसण्याआधीच तिनं विचारलं, "काका, नोव्हेंबरात दिला तो भारा कुठल्या रानातला होता?"

शेषेरावांचा दोर थांबला. "तुरीचाच हुता की."

"हाव, तुरीचाच. पण नंतर दिला तो तसा नाही."

"बिघडलं का काई, माय? तुझं नुकसान झालं का?"

"नाही, काका. चांगलं झालं. फार चांगलं झालं. तेच परत पाहिजे, म्हणून आले."

शेषेरावांनी दोर पुन्हा वळायला घेतला. कुडातून केवळाबाईंचा आवाज आला. "सांगा की आता. चोरी केली का काय?"

"चोरी कशाला," शेषेराव म्हणाले. "आगं माय, नोव्हेंबरात कुठली आलीय वाळकी तुराटी? तूर उभी हुती रानात, फुलात. मागल्या सालची पावसाळ्यात चुलीत गेली. अन् ह्याचा फोन आला, लेकीला शिक्षणाला पाहिजे म्हनून. आता जलीलला न्हाई कसं म्हनावं? ओली द्यावी तर तुझा निरोप, वाळकीच पाहिजे." त्यांनी हात लांब करून कुडाकडे दाखवलं. "हिच्याएवढी वाळकी तालुक्यात न्हाई."

तूबा वळसा घालून मागे गेली. कुडाची मागली बाजू करडी, जुन्या चांदीसारखी. बुडाशी वाळवीसाठी फासलेलं काळं डांबर. आणि मधोमध, बाजेच्या उंचीला, माणूस आडवा होऊन जाईल एवढी मोकळी जागा. त्या जागेवर हिरवी साडी ताणून बांधली होती. वाऱ्यानं ती आत-बाहेर होत होती.

जलील तिच्यामागून आला. त्यानं मोकळ्या जागेच्या कडेला हात लावला. तिथे कामटीला सुताची गाठ होती. दुहेरी, मग आतून ओढलेली. गादीच्या टाक्याची गाठ. शेतकरी अशी बांधत नाही. जलील तिच्यावरून अंगठा फिरवत उभा राहिला.

"अब्बा?"

"काही नाही," जलील म्हणाला. "माझी आहे."

*

आत केवळाबाई बाजेवर बसल्या होत्या. बारीक बाई, केस सगळे पांढरे.

"वारं येतं, एवढंच," त्या आपणहून म्हणाल्या.

"एवढंच कसं," शेषेराव दारातून म्हणाले. "तवापासून झोपती कुठं? उठून बसती रातभर."

"म्हातारपनाची झोप ती. अन् तुमचं घोरनं."

"घोरनं आज सुरू झालं का माझं?"

तूबानं विचारलं, "काकू, मग तिकडं घरात कामून नाही झोपत? पक्कं घर आहे."

केवळाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, जसं लहान लेकराकडे बघतात. "वर सिमिटाचा सिलाप हाय, माय." मग त्यांना वाटलं असावं की एवढ्यानं कळलं नाही. "कूड पडला तर काय हुईल? माती झटकून उठायचं. रातच्याला हात लावला की ह्यो हलतो जरासा. हललं की मला कळतं, हलका हाय. मग डोळा लागतो. आता तिथं हात लावला तर साडीच लागती." त्या थांबल्या. "थोरली तुझ्याहून मोठी असती आता. तिच्याबी लेकी शिकत असत्या. दिलं ते बरं केलं यांनी. मीच म्हनलं, मागल्या बाजूचं द्या, पुढली मानसं बघत्यात."

शेषेराव आत आले तेव्हा त्यांच्या हातात विळा होता.

"तेच पाहिजे म्हनतीस ना? मग तेच घे. वरलं अन् खाललं मिळून अजून दोन भारे निघतील. हिला आपन ताडपत्री लावू."

"लावा की," केवळाबाई म्हणाल्या. उठल्या आणि बाज भिंतीपासून ओढायला लागल्या. ओढताना त्यांचा एक हात अजून तुराट्यांवर होता. बाज सरकली तसा तो हात लांब होत गेला आणि शेवटी सुटला.

तूबा बघत होती. दोन भारे म्हणजे किती सेल होतात ते तिला तोंडपाठ होतं. जूनला पुरून उरले असते.  जलील तिच्याकडे बघत नव्हता, मोकळ्या जागेच्या कडेच्या गाठीकडे बघत होता.

"काका," ती म्हणाली, "विळा ठेवा."

"आगं, संकोच नको करूस. घरचंच हाय."

"घरचं आहे म्हणूनच. ठेवा." मग ती बाहेरच्या बाजूकडे बोट करून म्हणाली, "पाऊस कुठून येतो तुमच्याकडं?"

"ह्याच बाजूनं. लिपून लिपून दमलो. दर साली माती धुऊन जायची. मग तशीच सोडली."

"किती वर्षं?"

"पाऊस तर सुरुवातीपासूनच लागतोय की."

तूबा बाहेर गेली. खाली कुडाच्या बुडाशी एक तुटलेलं टोक पडलं होतं, ते तिनं उचललं. बांधावर यंदाच्या तुराट्यांची गंजी होती, तिच्यातली एक मोडली. नवी चावली. जिभेवर खारट, तुरट काहीतरी आलं. थुंकली. जुनी चावली. काहीच आलं नाही. बेचव, लाकूड.

"खाती कशाला शेळीवानी?" केवळाबाई दारातून म्हणाल्या.

"काकू, पावसानं हिच्यातलं मीठ नेलंय," तूबा म्हणाली. "सगळे क्षार धुऊन नेले. म्हणून तो कोळसा स्वच्छ झाला. जागा मोकळी झाली."  "मला कूड नको. मी धुते."

"काय धुती?"

"नवीन तुराट्या."

शेषेराव जलीलकडे बघून म्हणाले, "तुझी लेक आता तुराट्या धुनार."

जलील म्हणाला, "सर्फ नको वापरू म्हणावं."

*

त्या दुपारी मोकळी जागा बुजवली. गंजीतल्या नव्या काड्या, सरळ सरळ निवडून. शेषेरावांनी एक टोक धरलं. जलीलनं दुसरं धरलं, कुणी सांगायच्या आत. तूबानं माती, शेण आणि भुसा कालवला. पातळ झाला. शेषेराव म्हणाले, "दाट पाहिजे." तिनं माती टाकली आणि घोटत राहिली. हाताला अंदाज होता.

साडी काढून घडी घातली. बाज परत भिंतीला लावली. "बघू, हलतो का," म्हणून केवळाबाई तिच्यावर आडव्या झाल्या आणि त्यांनी नव्या काड्यांवर तळवा ठेवला. जलीलनं बाहेरून हलकेच रेटा दिला.

"हलतो," आतून आवाज आला.

बाहेर काम चालू राहिलं. थोड्या वेळानं शेषेराव काहीतरी विचारायला दारापर्यंत गेले आणि तिथूनच मागे आले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. तूबानं डोकावून बघितलं. केवळाबाई कुशीवर होत्या. तोंड किंचित उघडं. भर दुपारचं ऊन दारातून बाजेच्या पायापर्यंत आलेलं. तळवा भिंतीलाच होता, काड्यांमधून आत आलेल्या ओल्या मातीनं माखलेला.

नंतरचं लिंपण त्यांनी खुणांनी केलं. शेवटची गाठ बाकी होती. जलीलनं ती फार हळू बांधली. सूत ओढताना कामटी वाजू नये म्हणून ती एका हातानं धरून ठेवली.

चहा झाला नाही. चूल पेटवली असती तर आवाज झाला असता.

*

"रोज पाणी बदलायचं?" जलील फोनवर म्हणाला. "लातूरच्या माणसाला सांगतेस हे? ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं?"

"नांदेडात आहे, अब्बा. गोदावरी आहे."

"मग धू. लातूरच्या वाटचंही धू."

तूबानं तुराट्या उभ्या चिरल्या. प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात टब ठेवले. कोमट पाणी. बदललेलं पाणी सुरुवातीला चहासारखं निघायचं, मग फिकट, मग साधं. ते तिनं विभागाच्या बागेत घातलं. शेवटी एकदा डिस्टिल्ड वॉटरमधून काढल्या. चावून बघितल्या. शिपाई पंढरीमामा तिकडून जाताना म्हणाले, "ताई, डबा आणला न्हाई का आज?"

वाळवल्या. दळल्या. भट्टी. दार उघडलं नाही.

तीन सेल, एकाच दिवशी मशीनवर. तिन्हींच्या रेघा एकमेकींवर अशा बसल्या की एकच दिसावी. सहा नंबरपेक्षा कमी होती. थोडीच, पण कमी. वर्षानुवर्षांच्या पावसाची बरोबरी टबानं होत नाही.

उज्वला मॅडमनी तीनही आलेख बघितले.

"कमी आलं," तूबा म्हणाली.

"परत आलं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कागद सारखे करून बाजूला ठेवले. "हे प्रकरण राहील. पण मग सहा नंबरचं काय लिहायचं? गाळता येणार नाही, आलाय तो."

"नमुना जुना होता असं लिहू."

"जुना म्हणजे? समिती विचारेल. किती जुना? कुठला?"

तूबानं खिडकीबाहेर बघितलं. व्हरांड्यात टब पालथे घातले होते. तिनं मोबाईल काढला आणि शेषेरावांना लावला. केवळाबाईंनी उचलला.

"काकू, झोपल्या होत्या का? उठवलं का मी?"

"हाव. झोपले हुते."

"मग झोपा," तूबा म्हणाली. "उद्या करते."

*

१९९३च्या जानेवारीत तूर चांगली आली होती. बांधावर तुराट्यांची गंजी रचली, तेव्हा तिच्यावर थोरली बसली होती.